पाण्याखालचे गाव आणि होडीवरचे यंत्र

कृष्णाकाठच्या नावाड्याला पाणी किती खोल आहे असे विचारले, तर तो फुटांत उत्तर देत नाही. ‘कमरेइतके’, ‘छातीइतके’, ‘पुरुषभर’, ‘दोन पुरुष’ अशी त्याची मोजणी चालते. माणसाचे शरीर हेच त्याचे माप. किनाऱ्यावरचा आपला कोळी बांधव पाणी ‘वावा’त मोजतो; दोन्ही हात फैलावले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. मराठी बायबलच्या वाचकांना हा शब्द परका नाही. संत पौलाला रोमकडे घेऊन निघालेले तारू वादळात भरकटले, तेव्हा मध्यरात्री खलाशांनी बुडीद टाकून पाहिले. प्रथम वीस वाव पाणी लागले, थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात हे दोन्ही आकडे नमूद आहेत. त्या दोन आकड्यांमधील फरकानेच खलाशांना सावध केले. तळ वर येत होता, अर्थात खडक जवळ आले होते, आणि म्हणून त्यांनी चार नांगर टाकले. लहान होडीवर आज बसवले जाणारे खोली मोजण्याचे आणि मासे दाखवण्याचे यंत्र मुळात हेच काम करते.

सातारा आणि सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर आहेत. तेथील धर्मग्रामांतील कुटुंबांना हा विषय वसईकरांचा किंवा उत्तनकरांचा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु गेल्या साठ वर्षांत या दोन जिल्ह्यांच्या पाण्याचे रूप इतके पालटले, की होडीवर कोणते यंत्र असावे आणि कोणते आधी घ्यावे, हा प्रश्न तेथे किनाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक अवघड झाला आहे. अवघड होण्याचे कारण इतिहासात आहे. म्हणून आम्ही यंत्राच्या आधी पाण्याचा इतिहास सांगतो.

जुने पाणी नदीचे होते. सांगलीच्या घाटावरून सांगलवाडीला, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपुराहून कोथळीला नाव चालत असे. डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या गावांच्या तरुणांनी होड्यांच्या शर्यतींचा नाद पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. होडी नसेल तेथे गुऱ्हाळातील रस उकळण्याची काहील पाण्यात लोटून माणसे पैलतीर गाठत. या सर्वांना तळ ठाऊक होता, कारण उन्हाळ्यात त्याच तळावरून ते चालत जात. डोह कोठे, खडक कोठे, वाळू कोठे, हे लहानपणी पोहताना पायांनाच कळलेले असे. खोली मोजण्याचे साधन म्हणजे हातातला वेळू. आणि सबंध शहरासाठी एकच मोजपट्टी होती व आहे: १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलावरील फुटांचे आकडे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीचे शाळकरी पोरही सांगते. कोणतीही बॅटरी न लागणारे असे खोलीमापक यंत्र दुसऱ्या कोणत्या शहराने इतक्या मनोभावे वाचले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

नवे पाणी धरणाचे. कोयना धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६२ मध्ये तेथून वीज मिळू लागली. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे साठलेले पाणी सुमारे पन्नास किलोमीटर मागे, थेट महाबळेश्वर तालुक्यातील तापोळ्यापर्यंत पसरले. शिवसागर असे त्याचे नाव. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपामुळे कोयनेचे नाव जगभर गेले; पण पाण्याखाली गेलेल्या वाड्यांविषयी जग फारसे बोलले नाही. विस्थापितांना ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली असे दूरदूर पांगावे लागले. जे मागे राहिले, त्यांच्यातही पाण्याने भिंत घातली. पश्चिमेकडील कांदाट खोऱ्यातील उचाट, लामज, अकल्पे, शिंदी, वलवण ही गावे साताऱ्याच्या बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला पारखी झाली. त्यांच्यासाठी बामणोली आणि तापोळ्याची लाँच हाच रस्ता ठरला. बाळंतीण, तापाने फणफणलेले मूल, साप चावलेला शेतकरी, सारे त्याच रस्त्याने आले. पावसाळ्यात या खोऱ्यात धुके असे उतरते, की समोरचा काठ दिसेनासा होतो. लाँच चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर केवढा भार असे, याची कल्पना यावरून येईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवसागरावर पहिल्या पिढीत ज्यांनी होड्या आणि लाँचा हाकल्या, त्यांनी ती दरी कोरडी पाहिली होती. पाण्याच्या सपाट पृष्ठावर त्यांना खालचे शिवार दिसत असे. हा वडाचा पार, ही पांदी, येथे विहीर, येथे बांधावर आंब्याची रांग. त्यांचे सुकाणू आठवणीने फिरत असे. १९६२ साली जो वीस वर्षांचा होता, तो आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याच्या नातवाच्या हाती सुकाणू आहे, पण खालचे गाव त्याने पाहिलेले नाही. शिवाय हे पाणी नदीसारखे ठरावीक वाटेने वाहत नाही. ते एकाच वर्षात पाऊणशे-शंभर फूट चढते आणि उतरते. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फूट. ऑक्टोबरात ज्या झाडाच्या शेंड्यावरून लाँच निर्धास्त जाते, तेच झाड मे महिन्यात पंख्याला हातभर अंतरावर येते. पाण्यात बुडालेले लाकूड लवकर कुजत नाही, हे या जलाशयाच्या काठी सर्वांना ठाऊक आहे. आजोबांची आठवण नातवाला कशी मिळावी, हा आमच्या मते यंत्र निवडण्यामागचा खरा प्रश्न आहे.

पाण्याचा तळ आवाजाने शोधण्याची कल्पना एका मोठ्या अपघातातून पुढे सरकली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि हिमनग दुरूनच कसा ओळखावा याचा शोध अनेकांनी आरंभिला. जर्मनीच्या अलेक्झांडर बेम यांना प्रतिध्वनीने हिमनग काही नीट सापडेना, समुद्राचा तळ मात्र सापडला. १९१३ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा पाठलाग करण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लँजेव्हँ यांनी गारेच्या स्फटिकापासून पाण्यात ध्वनिलहरी सोडण्याचे तंत्र सिद्ध केले. १९२५ ते १९२७ या काळात ‘मिटिऑर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ याच रीतीने हजारो ठिकाणी मोजला. मासे मात्र अनाहूतपणे आले. तळाच्या रेषेच्या वर कागदावर काही ठिपके उमटू लागले, आणि १९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी ते कॉड माशांचे थवे असल्याचे प्रसिद्ध केले.

लहान होडीपर्यंत हे यंत्र आणले ते जपानच्या नागासाकी भागातील फुरुनो बंधूंनी. ते मासेमारी नौकांवरील विजेची कामे करणारे. युद्धानंतर उरलेल्या नौदलाच्या सामानातून त्यांनी १९४८ मध्ये मासेशोधक यंत्र तयार केले. जुन्या मच्छीमारांचा त्यावर विश्वास बसेना. पुढच्या वर्षी गोतो बेटांजवळ त्यांनी ते स्वतः नौकेवर चढून चालवून दाखवले, तेव्हा जाळी भरली आणि मग मागणी वाढली. ज्या गोतो बेटांवर छळाच्या काळात ख्रिस्ती कुटुंबांनी आपली श्रद्धा लपवून जपली, तीच ही बेटे, हे आमच्या वाचकांना जाता जाता सांगावेसे वाटते. गोड्या पाण्यासाठी मात्र वेगळे यंत्र लागले. अमेरिकेतील लॉरन्स कुटुंबाने १९५९ साली ट्रान्झिस्टरवर चालणारी हिरवी पेटी बाजारात आणली; एका माणसाच्या होडीत मावणारे आणि छोट्या बॅटरीवर चालणारे ते यंत्र धरणांच्या तळ्यांवरच लोकप्रिय झाले. शिवसागर भरू लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट.

या यंत्राचे गणित साधे आहे. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो. होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो व परत आलेला ऐकतो. जाऊन येण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर तळ सुमारे पंधरा मीटरवर आहे असे समजावे. माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून आवाज जोरात परततो, म्हणून मासा दिसतो. चालत्या होडीखालून मासा गेला की पडद्यावर कमान उमटते. होडी आणि मासा दोन्ही स्थिर असतील, तर नुसती लांब रेघ उमटते. नवखा माणूस त्या रेघेला भला मोठा मासा समजतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो, हे ज्या भोयाला ठाऊक आहे, त्याला पडद्यावरचे ठिपके अधिक बोलके होतात. पण ते ज्ञान त्याचे स्वतःचे, यंत्राचे नव्हे.

यंत्र घेताना दुकानदार दोन लहरींविषयी बोलतो. सुमारे २०० किलोहर्ट्‌झची लहर अरुंद व बारकाईची, उथळ पाण्यास योग्य. ५० किलोहर्ट्‌झची रुंद व खोलवर जाणारी, समुद्रास योग्य. आपल्या धरणांवर पहिली पुरते. तिचा झोत वीस अंशांचा धरला, तर तीस फूट खोलीवर तो जेमतेम दहा फूट रुंद जागा पाहतो. तेवढेच तिचे जग. आणखी एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही, ती अशी की साधे यंत्र खाली पाहते, पुढे पाहत नाही. समोर दहा हातांवर उभे असलेले खोड होडी त्यावर पोहोचल्यावरच पडद्यावर येते. म्हणून यंत्र बसवल्यावर वेग वाढवणारा लाँचवाला पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात असतो. आमच्या मते धरणातील मच्छीमाराला या यंत्राचा मोठा लाभ मासे शोधण्यात नाहीच, जाळे वाचवण्यात आहे. बुडालेल्या खोडांत अडकून फाटलेले जाळे हा त्याचा खरा तोटा. संथपणे एक फेरी मारून खोडांची जागा टिपून घेतली आणि मग जाळे लावले, तर यंत्राचे मोल वसूल होते. अर्थात मासे दिसले म्हणून कोठेही जाळे टाकता येत नाही. कोयनेचे अभयारण्य १९८५ चे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. त्यांच्या हद्दी पडद्यावर आपोआप उमटत नाहीत.

दुसरे यंत्र आपण कोठे आहोत हे सांगणारे. येथे किनाऱ्याचा इतिहास आधी पाहावा लागतो, कारण समुद्रावर हेच यंत्र पहिले गरजेचे ठरले. वसई, उत्तन, अर्नाळा येथील कोळ्यांची डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना, ज्यांना ‘कव’ म्हणतात, बांधलेली असतात. ती जागा शोधायची ती खुणा धरून. डोंगराचे टोक आणि देवळाचा अथवा गिरिजाघराचा मनोरा एका रेषेत आला, की दुसऱ्या दोन खुणांची रेषा पाहायची, आणि दोन रेषा जेथे छेदतात तेथे आपले खुंट. या खुणा घराण्याचा ठेवा असत. उपग्रहांनी तो ठेवा आकड्यांत आणला. अमेरिकेने सैन्यासाठी उभारलेली जीपीएस यंत्रणा, १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेल्यानंतर, सर्वांस खुली करण्याचे जाहीर झाले. तथापि मे २००० पर्यंत सामान्यांच्या यंत्रात मुद्दाम शंभर मीटरपर्यंत चूक ठेवली जाई. ती काढल्यावर दहा-पंधरा मीटरच्या आत जागा कळू लागली आणि जीपीएसचा खरा प्रसार झाला. मात्र आकडे कोणालाही उतरवून घेता येतात. वसई-उत्तन आणि सातपाटी-डहाणू यांच्यातील कवींच्या हद्दीचा जुना वाद आकड्यांनी मिटला, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

समुद्रावर पुढेही बरेच घडले. १९९९ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी टिपलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासे मिळण्याची संभाव्य क्षेत्रे कळवते. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ या मासेमारी नौकेचा मुंबईवरील हल्ल्यासाठी वापर झाला आणि होडीवरची यंत्रे हा सुरक्षेचाही विषय बनला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, एक लाख नौकांवर इस्रोच्या उपग्रहांद्वारे संदेश देणारे-घेणारे यंत्र बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. यांतील संभाव्य क्षेत्रे आणि नौकांचे संदेश या दोन्ही सोयी समुद्रासाठी आहेत. धरणातल्या होडीला त्यांचा उपयोग नाही.

तेव्हा किनाऱ्यावर आधी जागा, मग खोली. शिवसागरावर आधी खोली, मग जागा. एरवी काठ डोळ्यांना दिसतो, तळ दिसत नाही. धुक्याच्या दिवशी मात्र क्रम बदलतो. आलेली वाट यंत्रात साठवली असेल, तर त्याच रेषेवरून रुग्णाला बामणोलीस सुखरूप आणता येते. म्हणून दोन्ही कामे करणारे एकच यंत्र असावे, हे आमचे मत. पण त्यात नकाशा आहे असे कोणी सांगितले, तर जपून ऐकावे. समुद्राचे नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते. कोयनेच्या पोटाचा असा नौकानयनाचा नकाशा यंत्राच्या पेटीतून निघत नाही. १९९९ व २०१२ साली जलाशयाच्या तळाखालचा शेवटचा खडक स्फोटाने फोडून वीजगृहासाठी पाणी घेतले गेले. असल्या कामासाठी तळ इंचाइंचाने मोजावा लागतो, पण ती अभियंत्यांची कागदपत्रे, होडीवाल्याची नव्हेत.

नकाशा आपणच करावा लागतो. हल्लीची यंत्रे खोली आणि जागा एकत्र नोंदवतात. मात्र केवळ ‘तीस फूट’ एवढी नोंद निरुपयोगी, कारण पाणी पुढच्या महिन्यात उतरणार. त्या दिवशीची धरणाची पातळी सोबत लिहावी. पावसाळ्यात ती वृत्तपत्रांत येते, एरवी पाटबंधारे खात्याकडून कळते. पातळी २१२० फूट आणि खोली तीस फूट, तर तेथील तळ २०९० फुटांवर. हा आकडा वर्षभर टिकतो. खोडाच्या शेंड्याचीही तशीच नोंद केली, की कोणत्या पातळीला ते घातक होईल हे घरी बसून काढता येते. भारतीय सर्वेक्षण खात्याचे धरणापूर्वीचे नकाशे पाहिले, तर बुडालेल्या वाड्या, पायवाटा आणि ओढे त्यांवर रेखलेले आढळतात. ते शेजारी ठेवावेत.

बाकीच्या गोष्टी लहान, पण त्यांवाचून यंत्र आंधळे. ट्रान्सड्यूसर पंख्याजवळ बसवू नये. बुडबुड्यांत आवाज अडकतो. यंत्राची बॅटरी मोटर सुरू करण्याच्या बॅटरीपासून वेगळी असावी, तारेत फ्यूज असावा. पडदा घेताना दुकानाच्या सावलीत पाहू नये, उन्हात नेऊन पाहावा.

पुराचे पाणी हे तिसरेच पाणी. सांगलीत आयर्विन पुलाशी २००५ मध्ये ५३ फुटांवर गेलेली कृष्णा ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेली, आणि २०२१ मध्ये पुन्हा गावांत शिरली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा-येरळा संगमाजवळ, पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली. बायका-मुलांसह डझनाहून अधिक जीव गेले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. खाली तारेची कुंपणे, ऊस, विजेचे खांब, झाडे, आणि वर गढूळ, वेगवान, बुडबुड्यांनी भरलेले पाणी. अशा पाण्यात पडद्यावरचे चित्र विस्कटते, आणि ते पाहण्यास मान खाली घालणारा चालक समोरचा ओंडका चुकवू शकत नाही. पुराच्या होडीसाठी कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही मासेशोधक यंत्राचे पैसे लाइफ जॅकेटांवर खर्च करावेत असे सांगू. उरले तर जीपीएस घ्यावे, म्हणजे रात्री वस्ती शोधता येईल आणि सुटकेच्या पथकांना जागा आकड्यांत कळवता येईल. आणि होडीत किती बसले हे मोजण्यास एक माणूस काठावर ठेवावा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा आला. नोंदणी आणि सुरक्षासाधने यांचा त्यात समावेश आहे.

शिवसागरावर आता आणखी वर्दळ आहे. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झाले. वासोट्याला जाणारे तरुण बामणोलीहून होडीने जातातच. वेगाच्या होड्या चालवणाऱ्या मुलांना तळाची नोंद हवी आहे. यंत्रात प्रत्येक जागेला नाव देण्याची सोय असते. बहुतेक ठिकाणी तेथे ‘०१’, ‘०२’ असे आकडे पडून राहतात. त्या जागांची खरी नावे, शेतांची, पाणवठ्यांची, वाड्यांची, आज ठाण्याच्या, रायगडच्या आणि सांगलीच्या पुनर्वसित वसाहतींत राहणाऱ्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडे जुना नकाशा घेऊन कोणी गेले, तर ते बोटाने दाखवतील.